गाभण म्हणून घेतली, रिकामी निघाली: खरेदीआधीची तपासणी आणि लेखी हमी



आजचा मेसेज नेहमीपेक्षा लांब आहे. धारा उरकल्यावर निवांत वाचा. दिवाळी जवळ आली की म्हशी घ्यायची घाई सुरू होते आणि त्यात सगळ्यात जास्त पैसे जातात ते "गाभण आहे" या दोन शब्दांवर. गेल्या आठवड्यात दोन सभासदांचे फोन आले. दोघांचा प्रश्न एकच: "मॅडम, गाभण म्हणून घेतली आणि माजावर आली. आता काय करायचं?"

आधीच सांगते, मी कृषी पदविकावाली, पशुवैद्यक नाही. कुठलं इंजेक्शन द्यायचं ते मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण घेताना काय बघायचं आणि काय लिहून घ्यायचं हे मला चांगलं माहीत आहे, कारण आमच्याच घरानं त्याची किंमत मोजली आहे.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून दुसऱ्या वेताची म्हैस घ्यायचं ठरवलं. बाजाराला मीही गेले होते. हेडी म्हणाला, सहा महिन्यांची गाभण आहे. वडिलांचा हात धरून त्यानं म्हशीच्या कुशीला लावला: "बघा दादा, पारडू कसं हलतंय." रुमालाखाली बोटं धरली, ८० हजाराला सौदा झाला.

आता गंमत बघा. त्यानं हात लावला होता डाव्या कुशीला. डाव्या बाजूला जनावराचं मोठं पोट असतं, चारा तिथंच घुसळला जातो आणि ते मिनिटाला एक-दोन वेळा हलतंच, मग जनावर गाभण असो वा भाकड. दिवस भरत आलेलं वासरू हाताला लागतं ते उजव्या कुशीत, खालच्या अंगाला. कॉलेजात हे शिकले होते. पण आठ-दहा बापयांच्या घोळक्यात माझं तोंड उघडलं नाही.

म्हैस घरी आली. माजावर आली नाही, म्हणून सगळे खूश: उलटली नाही म्हणजे गाभणच. सहावा महिना धरला तर चार-साडेचार महिन्यांत व्यायला हवी होती. तेवढे दिवस गेले, कास काही केली नाही. शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हात घालून तपासलं आणि म्हणाले, गर्भ नाही, गर्भाशयात पू आहे. बहुधा आधीच्या वेताला वार अडकली असावी आणि तिचे तुकडे आत राहिले असावेत. वडील दोन बाजार फिरले, तेव्हा हेडी सापडला. तो शांतपणे म्हणाला, "मी दिली तेव्हा होती. तुमच्याकडं गाभडली असेल."

याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. कागद नव्हता, तपासणी नव्हती, साधा मेसेजही नव्हता. उपचार झाले, तिसऱ्या रेतनाला म्हैस राहिली, पण पहिलं दूध घरात यायला जवळपास दीड वर्ष गेलं. हप्ते मात्र दर महिन्याला गेले.

*"उलटली नाही" हा पुरावा नाही*

जनावर माजावर न येण्याची कारणं बरीच आहेत. गर्भाशयात पू साठला तरी माज बंद होतो. आत वाळलेला मेलेला गर्भ राहिला तरी बंद होतो. खुराक कमी पडला, जनावर हडकलं तरी बंद होतो. म्हशीत तर उन्हाळ्यात माज असूनही दिसत नाही. उलट बाजूनं, काही गाभण गायी-म्हशी गाभणपणातही माज दाखवतात. म्हणून ज्या दोन सभासदांचे फोन आले त्यांना मी पहिलं हेच सांगितलं: लगेच भरवू नका, आधी तपासून घ्या. पोटात गर्भ असताना रेतनाची नळी गर्भाशयात गेली तर आपणच आपल्या हातानं गर्भपात करतो. माजावर आणायच्या इंजेक्शनाचंही तसंच. तपासल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावरून टोचून घेऊ नका, त्यातल्या काही औषधांनी गाभण जनावर गाभडतं.

मागं ग्रुपवर कुणीतरी अल्पाकाचा व्हिडिओ टाकला होता, लोकरीसाठी पाळतात तो उंटाच्या कुळातला पेरू देशाचा प्राणी. त्याच्या मादीला आपल्या गायीसारखा ठरावीक दिवसांनी माज नसतो, नराशी मेळ झाल्यावरच तिचं बीज सुटतं. गाभण राहिली की ती नराला जवळ येऊ देत नाही, तोंडावर थुंकते. तिथले पाळणारे याच थुंकण्यावरून अंदाज बांधतात. पण गर्भ नसूनही थुंकणाऱ्या माद्या निघतात, म्हणून विकताना थुंकण्यावर कुणी विसंबत नाही, सोनोग्राफी करतात. अमेरिका, इंग्लंडकडं अशी मादी विकताना बरेच जण कागदच देतात: कोणत्या तारखेला कोणत्या नराकडं नेली, गर्भ कधी तपासला, जिवंत पिल्लू झालं नाही तर नर फुकट देणार की दुसरी मादी देणार. त्या कागदातही पळवाटा असतात, पण निदान वाद कशावर घालायचा ते तरी ठरलेलं असतं. आपल्याकडं लाखाची म्हैस रुमालाखाली जाते.

*तपासणी कधी, कशी*

हात घालून तपासणी करणारे अनुभवी डॉक्टर दोन-अडीच महिन्यांपासून खात्रीनं सांगू शकतात. सोनोग्राफी असेल तर महिनाभरातही कळतं. म्हणजे "सहा महिन्यांची गाभण" असं सांगितलेलं जनावर तपासायला काहीच अवघड नाही, पाच मिनिटांचं काम आहे. अडचण जनावराची नसते, आपल्या संकोचाची असते.

डॉक्टरांना फक्त "गाभण आहे का" एवढंच विचारू नका. अंदाजे किती महिन्यांची, तेही विचारा. आणि मग हिशोब घाला. गाय साधारण २८० दिवसांनी विते, म्हैस ३१० दिवसांनी. जुनी माणसं नऊ महिने नऊ दिवस आणि दहा महिने दहा दिवस म्हणतात ते याच्याच जवळ जातं. विकणारा सहा महिने म्हणतोय आणि डॉक्टर तीन म्हणतायत, तर म्हैस खोटी नाही, पण तुम्हाला आणखी तीन महिने फुकट वैरण घालावी लागणार आहे. दिवसाला दीडशे रुपये जरी धरले तरी साडेतेरा हजार झाले. तेवढे भावातून कमी करून मागा.

बाजारात डॉक्टर मिळेलच असं नाही. मग विसार देऊन जनावर तिथंच ठेवा, किंवा विकणाऱ्याच्या गोठ्यावर जाऊन तपासा. आपल्या भागातल्या गोठ्यावरून घेतलेली म्हैस चार-पाच हजार महाग पडली तरी मला ती स्वस्तच वाटते, कारण माणूस कुठं पळून जात नाही. आणि जो तपासूच देत नाही त्याला सरळ भाकडाचा भाव सांगा.

सात महिन्यांच्या पुढची गाभण म्हैस लांबच्या प्रवासानं आणू नका. गाडीतल्या धक्क्यांनी, दाटीवाटीनं गाभडली तर कोणतीच हमी उपयोगाची नाही.

*कानातला बिल्ला वाचा*

आता प्रत्येक जनावराच्या कानात १२ आकडी नंबरचा पिवळा बिल्ला हवा. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही असा नियम आहे. बहुतेक जण बिल्ला आहे की नाही एवढंच बघतात. पण तो नंबर 'भारत पशुधन' प्रणालीत असतो आणि तिथं रेतनाची तारीख, लसीकरण, मालकाची नोंद असू शकते. दवाखान्यात किंवा रेतन करणाऱ्याकडं नंबर सांगा, ते बघून देतील. रेतन मार्चमध्ये झाल्याची नोंद असेल आणि ऑक्टोबरमध्ये कुणी "तीन महिन्यांची" म्हणत असेल, तर मधे कधीतरी ती उलटली किंवा गाभडली आहे. नोंद सापडली नाही तर लगेच संशय घेऊ नका, अजून बऱ्याच गावांत नोंदी अर्धवटच आहेत. पण बिल्ला नवा कोरा आणि जनावर सहा-सात वर्षांचं असेल, तर दोन प्रश्न जास्तीचे विचारा.

*गाभडण्याचा संसर्ग*

हा मुद्दा नीट वाचा, यात माणसाच्या तब्येतीचाही प्रश्न आहे. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, याचं जनावर बाहेरून धडधाकट दिसतं. गाभण असते, तपासणीत गर्भही सापडतो आणि सहाव्या-सातव्या महिन्याच्या पुढं गाभडते. मग वार अडकते, पुढं राहत नाही. म्हणजे "गाभण" ही हमी शंभर टक्के खरी असूनही तुमचं नुकसान होतं. त्याहून वाईट म्हणजे दावणीच्या बाकीच्या जनावरांना लागण होते. घेण्याआधी रक्त तपासता येतं, त्याचा खर्च म्हशीच्या किमतीपुढं काहीच नाही. नवीन जनावर तीन-चार आठवडे वेगळं बांधा, तपासणीचा निकाल येईपर्यंत तर नक्कीच.

गोठ्यात जनावर गाभडलं तर पडलेल्या गर्भाला, वारेला उघड्या हातानं शिवू नका. हातमोजे घाला, चुना टाकून खोल पुरा. हा आजार माणसाला होतो. ताप येत-जात राहतो, सांधे दुखतात, घाम फुटतो, आणि महिनोन्महिने निदानच होत नाही. कच्चं दूध कुणी पिऊ नका, लहान मुलांना तर देऊच नका. आपल्या घरच्या कालवडी आणि पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात याची लस एकदाच टोचून घ्यायची असते. फक्त माद्यांना, आणि याच वयात. ही लस सरकारी कार्यक्रमातून मिळते, दवाखान्यात नाव द्या.

*दोन वेगवेगळ्या हम्या आहेत*

इथं बहुतेकांचा घोटाळा होतो. पहिली हमी: विकते वेळी जनावर इतक्या महिन्यांचं गाभण होतं. ही तपासणीनं त्याच दिवशी सिद्ध होते, पुढं वाद राहत नाही. दुसरी हमी: कालवड, पारडी किंवा भाकड म्हैस पुढं गाभण राहील. ही त्या दिवशी सिद्ध होत नाही, म्हणून तिला मुदत लागते.

मुदत किती असावी? एक माज पुरत नाही. वेळेवर आणि चांगल्या हातानं भरवलं तरी दहापैकी साधारण चार जनावरं पहिल्या रेतनाला राहतात असं धरा. उरलेल्या सहांतली दोन-तीन दुसऱ्याला, आणखी एक-दीड तिसऱ्याला. म्हणजे तीन वेळा भरवूनही दहातली दोन निरोगी जनावरं नुसत्या नशिबानं रिकामी राहू शकतात. म्हणून एकदा उलटली की "फसवलं" म्हणून भांडायला जाऊ नका. आणि विकणारा "एक माज बघा, नाही राहिली तर सांगा" म्हणत असेल तर ती हमीही नव्हे. तीन माज व्यवस्थित भरवून, साधारण चार महिन्यांची मुदत, आणि शेवटी डॉक्टरांची तपासणी, हे मला दोन्ही बाजूंना रास्त वाटतं. परजिल्ह्यातला हेडी एवढं लिहून देणार नाही, हे मलाही कळतं. ओळखीचा गोठेवाला देईल.

लिंगवर्गीकृत रेतनाबद्दलही विचारणा येते: "नव्वद टक्के गॅरंटी आहे ना?" आहे, पण ती राहिली तर मादी वासरू होण्याची. राहील की नाही याची नव्हे. उलट हे रेत राहण्याच्या बाबतीत साध्या रेतापेक्षा थोडं कमीच पडतं, म्हणून ते धडधाकट कालवडींना आणि नियमित माजावर येणाऱ्या गायींना वापरा, उलटणाऱ्या जनावराला नको.

कालवड घेताना एक प्रश्न विसरू नका: एकटी जन्मली की जुळी? गायीला एक गोऱ्हा आणि एक कालवड असं जुळं झालं तर त्यातली कालवड दहापैकी नऊ वेळा वांझ निघते. पोटात असताना गोऱ्ह्याच्या बाजूचं रक्त तिच्यात मिसळतं आणि तिचं गर्भाशय नीट घडतच नाही. बाहेरून देखणी, अंगानं भरलेली, आणि जन्मात माजावर येत नाही. हिच्यावर उपचार नाही, त्यामुळं हिच्यासाठी चार महिने थांबण्यातही अर्थ नाही.

*कागदावर काय असावं*

वकिली भाषा नको. बिल्ला नंबर, वय किंवा वेत, रंग-शिंगाची खूण, किंमत, दिलेला विसार, "अमुक तारखेला अमुक महिन्यांची गाभण", तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि सही, मागं गाभडली होती का, वार अडकली होती का, अंग बाहेर आलं होतं का. आणि सगळ्यात महत्त्वाचं: हमी खोटी निघाली तर काय. जनावर परत, की बदली, की ठरलेली रक्कम परत? हे लिहिलं नाही तर बाकीचा कागद शोभेचा. सौदा अडत नसेल तर दहा-पंधरा टक्के रक्कम तपासणी होईपर्यंत हातात ठेवा.

कागद शक्यच नसेल तर मोबाईल आहेच. बिल्ल्यासकट जनावराचा फोटो काढा, विकणाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि खाली लिहा: "आज तुमच्याकडून ही म्हैस सहा महिन्यांची गाभण म्हणून इतक्या रुपयांना घेतली, बरोबर ना?" त्यानं "हो" एवढं जरी लिहिलं तरी काही तरी हातात राहतं. पैसे रोख देण्यापेक्षा फोनवरून द्या. बाजार समितीची पावती फाडायचीच, तिथं पन्नास-शंभर वाचवायला जाऊ नका.

कायदा काय म्हणतो? १९३० चा माल विक्री कायदा आहे आणि त्यात जनावर हाही मालच. सर्वसाधारण नियम असा की बघून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. पण विकणाऱ्यानं ठोस हमी दिली आणि ती खोटी निघाली तर भरपाई मागता येते. तोंडी हमीही हमीच असते, फक्त ती सिद्ध करता करता आपण थकतो.

विम्यावर भरवसा ठेवून बसलेल्यांनी पॉलिसी काढून वाचा. साधा जनावर विमा मृत्यूचा असतो. कायमचं वांझपण किंवा दूध कायमचं बंद होणं यासाठी कायमच्या अपंगत्वाचं वेगळं कलम घ्यावं लागतं, त्याचा हप्ताही वेगळा. विमा उतरवताना ते विचारून घ्या.

*आता थोडं आपल्याकडचं*

विकणाऱ्याला बोल लावताना स्वतःच्या गोठ्याकडंही बघू. चांगलं जनावर आणून आपण तिला उलटायला लावतो, असं मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय.

माज २१ दिवसांनी येतो, आणि टिकतो अर्धा ते पाऊण दिवस, म्हशीत थोडा जास्त. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. सकाळी आठला दिसलेला माज आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आलेला रेतनवाला, हे गणित जुळणारच नाही. मग "रेत खराब होतं" म्हणायचं. रेतनवाल्याकडंही लक्ष द्या: कांडी नायट्रोजनमधून काढून ३७ अंशाच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायला हवी. खिशात किंवा तळहातात चोळून गरम करणाऱ्याला नम्रपणे थांबवा.

म्हशीचा माज मुका. ती गायीसारखी दुसरीवर उडत नाही. निरण सुजते, काचेच्या तारेसारखा स्वच्छ सोट दिसतो, थोडी थोडी लघवी वारंवार करते, दूध अचानक कमी देते, कधी रेकते. हे सगळं रात्री उशिरा आणि पहाटे जास्त दिसतं, आणि आपण बघतो दुपारी. रात्री झोपण्याआधी बॅटरी घेऊन गोठ्यात एक फेरी मारा. सोट गढूळ किंवा पिवळसर असेल तर त्या माजाला भरवू नका, डॉक्टरांना दाखवा. म्हशी पावसाळ्यानंतर थंडीपर्यंत जास्त राहतात, म्हणजे आताचे दोन-तीन माज चुकवले तर पुढच्या उन्हाळ्यात हात चोळत बसावं लागतं.

व्यायल्यावर दूध वाढतं पण खाणं त्या मानानं वाढत नाही, जनावर अंगातून झिजतं, आणि झिजणारं जनावर राहत नाही. नुसत्या कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यांवर ठेवलेली म्हैस माज दाखवेल ही अपेक्षाच चुकीची आहे. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण हे औषध नाही, खुराकच आहे. घाईही नको: व्यायल्यापासून दोन महिने गर्भाशयाला सावरू द्या, मग भरवा. तीन वेळा उलटली तर चौथ्यांदा भरवण्याआधी तपासणी.

जनावर आजारी असेल, गाभडलं असेल तर १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा.

खरेदीच्या कागदाचा कोरा नमुना एक पानी करून आपल्या संकलन केंद्रावर ठेवला आहे, दूध घालायला याल तेव्हा घेऊन जा. या आठवड्यात कुणी बाजाराला निघणार असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत मला व्हॉइस मेसेज टाका: कोणता बाजार, गाय की म्हैस, किती वेताची. चार-पाच जण एकाच बाजाराला निघाले तर एकाच गाडीत डॉक्टरांना सोबत नेता येईल, खर्च वाटून जाईल.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी